वेलांटीची जागा

"शिडी धरायला दोन माणसं लागतात, आली आहेत पाच," पेंटर वरून म्हणाला, "आणि पाचातलं एकही शिडीला हात लावत नाहीये."

खरं होतं ते. रविवारची बंद शाळा, हॉलच्या कडेला एकावर एक रचलेले बाक, त्यातले दोन खाली ओढून अख्खं घर त्यावर पसरलेलं. या घराची रीतच आहे ही. भांडायचं असलं की आधी एखादं काम काढायचं, म्हणजे भांडायला जमलोय असं वाटत नाही. दुकानाची वाटणी झाली तेव्हा पाण्याची टाकी धुवायला काढली होती. टाकी पुन्हा तितकी स्वच्छ कधी झाली नाही. या खेपेला हॉलच्या भिंतीवरची प्रार्थना नव्यानं रंगवायचं निघालं होतं.

प्रार्थना आबांच्या हातची. पाट्या रंगवणं हा आबांचा धंदा, आता तो पेंटरकडं, म्हणजे थोरल्या मुलाकडं आलेला. अक्षरं निळी, हातभर उंच. वर्षानुवर्षं शाळेतली पोरं रोज सकाळी त्यांच्याकडं तोंड करून म्हणत आली होती:

देवा राहू दे हाती अमुच्या
वाट पुढली दिसू दे
पडलो तरी उठू दे आम्हां
विचारू दे, पुसू दे

पहिला शब्द माइकवरून मुख्याध्यापकांनी म्हणायचा आणि मग पोरांनी उचलायचं. सध्या तो शब्द आबांची थोरली लेक म्हणायची. तोंडावर ताई, पाठीमागं हेडबाई. सरकारी शाळा, पण चालायची तिच्या नजरेवर.

तर झालं होतं असं की शुक्रवारी परिपाठाला पेंटरची मुलगी हात न जोडता, तोंड मिटून उभी राहिली. सहावीतली पोरगी. बोलायला लागली तेव्हापासून 'का' विचारल्याशिवाय तिनं घास गिळला नाही, म्हणून घरात तिला काबाई म्हणतात. आत्यानं, म्हणजे हेडबाईनं, सगळ्यांदेखत विचारलं, हात का जोडत नाहीस? काबाई म्हणाली, "देव आहे की नाही ते मला अजून माहीत नाही बाई. माहीत झालं की म्हणेन." उद्धटपणा नव्हता त्यात. पण हॉलमध्ये खसखस पिकली आणि आत्यानं तिला व्हरांड्यात उभं केलं. शनिवारी तिच्या वर्गातली आणखी काही पोरं आपणहून व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. त्यातल्या एकाच्या बापानं शिक्षण खात्यात विचारणा केली की सरकारी शाळेत प्रार्थनेची सक्ती आहे का. आता उद्या सकाळी खात्याचे साहेब परिपाठाला येऊन बसणार होते.

साहेबांचं एक वेळ ठीक. खरी पंचाईत निराळीच होती. वहिनीनं, म्हणजे काबाईच्या आईनं, शनिवारी चहा गाळता गाळता सांगून टाकलं होतं, "सोमवारी माझी मुलगी पुन्हा बाहेर उभी राहिली तर मी तिचं नाव या शाळेतून काढणार." वहिनी नर्स. वॉर्डात एक गोष्ट दोनदा सांगायची तिला सवय नाही. पोरगी गेली की नणंद-भावजयीचं बोलणं जाणार, आणि मग या घरात कोण कोणाकडं चहा पिणार हे नव्यानं ठरवावं लागणार, हे सगळ्यांना कळलं होतं.

"ताई, कायदा सरळ आहे," धाकटा म्हणाला. तो वकील. बाकावर बसला तरी उभं राहिल्यासारखा बोलतो. "शाळा सरकारची. सरकारला स्वतःचा देव नसतो आणि दुसऱ्याचा त्यानं घ्यायचाही नसतो. भिंतीला पांढरा रंग मार आणि मोकळी हो."

"रंग मी मारणार ना?" वरून आवाज आला. "मग मी सांगतो, मारणार नाही. आबांची अक्षरं आहेत ती."

"दादा, तुझी पोरगी बाहेर उभी राहिली."

"पोरगी माझी, अक्षरं बापाची. मी दोघांच्या मध्ये शिडीवर आहे. मला विचारू नका."

हेडबाई पदराच्या टोकानं चष्मा पुसत म्हणाली, "वकीलसाहेब, तुम्हाला दोन वाक्यांत मोकळं होता येतं. मला उद्या फाटकापाशी उभं राहायचंय. ज्यांनी इथंच प्रार्थना म्हटली, ते आता पोरांना सोडायला येतात. त्यांना काय सांगू? देवाची बदली झाली?"

आबा खुदकन हसले. त्यांना आणून खुर्चीत बसवलं होतं, मांडीवर बिस्किटांचा पुडा, हातात थर्मासातल्या चहाचा कप. अक्षरं रंगवताना त्यांची नजर असावी असं पेंटरचं म्हणणं. ऐकू बेताचंच येई, पण मोक्याचं तेवढं बरोबर येई.

काबाई इतका वेळ मान वर करून भिंत वाचत होती. तिच्या डोक्यात भांडण नव्हतंच. शुक्रवारी बाहेर उभं राहून तिचे पाय दुखले होते आणि आत्याचा राग आला होता, तो रात्रीच्या झोपेत बराच विरून गेला होता. तिला छळत होती ती निराळीच गोष्ट.

"काय राहू दे?" तिनं विचारलं.

"काय म्हणजे?" वकिलानं विचारलं.

"देवा राहू दे हाती अमुच्या. हातात काय राहू दे? ते कुठं लिहिलंय? वाट दिसू दे, हे कळतं. आम्हाला उठू दे, कळतं. पण पहिल्या ओळीत काय राहायचंय हातात?"

"कृपा," हेडबाई म्हणाली. शिकवताना ती हेच सांगायची.

"बळ," वकील म्हणाला.

"काम," पेंटर वरून म्हणाला. "हाताला काम राहू दे. मला तरी असंच वाटायचं."

"म्हणजे तुम्हा तिघांनाही माहीत नाही," काबाई म्हणाली.

वहिनीला हसू आलं. नणंदेकडं बघून तिनं ते आवरलं.

पेंटरनं पातं काढलं आणि पहिल्या शब्दाचे सुटलेले पोपडे खरवडायला सुरुवात केली. लेकीला काय उत्तर द्यावं हे सुचेना की तो खरवडायला लागतो. 'वा' निघाला, 'द'चे पोपडे निघाले. मग तो थांबला. बापाच्या हाताखाली तो लहानपणापासून होता. आबांची मात्रा कशी असते हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. खालून निघून वर जाताना बारीक होत जाणारी, शेवटी किंचित उचललेली. ही मात्रा तशी नव्हती. दोन फटकाऱ्यांत उरकलेली होती. तिच्याखाली आखणीची कोळशाची रेघ असायला हवी होती, तीही नव्हती. रेघ होती ती डावीकडं, 'द'च्या अलीकडं. तिथून एक बाक वर चढून वळत वळत खांबाकडं गेला होता आणि खांबाच्या गिलाव्यात शिरून नाहीसा झाला होता.

"ताई," तो म्हणाला. "इथं वेलांटी होती."

"कुठं?"

"'दे'ला मात्रा नाहीये आखणीत. 'दि' आहे. पहिली वेलांटी. अर्धी भिंतीवर, अर्धी खांबाच्या आत." त्यानं मान वळवली. "आबा, इथं काय होतं?"

"दिवा," आबा म्हणाले, आणि बिस्कीट चहात बुडवलं.

वकिलानं खुर्चीपाशी जाऊन मोठ्यानं विचारलं, "काय होतं म्हणालात?"

"अरे, ऐकू मला कमी येतं, तुला नव्हे. दिवा. 'दिवा राहू दे हाती अमुच्या.' शाळेत वीज नव्हती तेव्हा. संध्याकाळचा वर्ग असायचा, पोरं घरून कंदील घेऊन यायची. त्यावर गुरुजींनी केलेलं गाणं ते. विज्ञान शिकवायचे. कविता त्यांनी आयुष्यात तेवढीच केली, आणि तीही कंदिलावर."

"मग देवा कुठून आला?"

"खांबातून," आबा म्हणाले. आता त्यांना रंग चढला. "मी शनिवारी आखणी केली. डावीकडं वेलांटीपुरती जागा सोडली होती चोख. रविवारी गवंड्यानं खांब जाड केला, मला न विचारता. सोमवारी रंग घेऊन येतो तर वेलांटीच्या जागेवर खांब. बाकीच्या तीन ओळी आत घेतलेल्या म्हणून वाचल्या, पण पहिली पुन्हा आखायला वेळ नाही. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. आता 'दिवा'ला डावीकडं जागा पाहिजे. 'देवा'ला नको, त्याचं सगळं वरच्यावर. मी म्हटलं, देवाला कोण नाही म्हणणार? मारली मात्रा."

पेंटर शिडीवरून उतरला आणि खालच्याच पायरीवर बसला.

"आणि गुरुजी?" काबाईनं विचारलं.

"आले. वर बघितलं, हसले. म्हणाले, दिव्याला जागा नाही मिळाली होय? करू सावकाश दुरुस्त. पण त्याच संध्याकाळी वस्तीतली माणसं हॉल बघायला आली. भिंतीवर बघितलं आणि हात जोडले सगळ्यांनी. गुरुजी माझ्या कानात म्हणाले, आता राहू दे. जोडलेले हात सोडवायला मी कोण."

"आबा, इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?" हेडबाई म्हणाली.

"कोणी विचारलं?" आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात खंत बिंत काही नव्हती. "ही पोरगी पहिली."

वकिलानं टाळी वाजवली. "मिटलं. ताई, मिटलं सगळं. मात्रा काढ, वेलांटी घाल. उद्या साहेबांसमोर 'दिवा राहू दे'. देव नाही, धर्म नाही, शाळेचा जुना मूळ पाठ. कोण आक्षेप घेईल? मी घेणार नाही."

"मघाशी तू पांढरा रंग मारायला निघाला होतास," पेंटर म्हणाला.

"मघाशी पुरावा नव्हता."

हेडबाईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण पाणी पिऊन ग्लास खाली ठेवीपर्यंतच. मग तिला आठवलं. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली होती. माइकसमोर उभी राहून तिनं 'देवा' म्हटलं होतं, आणि पुढची ओळ पोरांनी उचलेपर्यंत त्या एका शब्दाला धरून ती उभी होती. नाहीतर पडलीच असती. आणि तो शब्द गवंड्यानं खांब जाड केला म्हणून तिथं आलेला.

"म्हणजे मी इतकी वर्षं हाक मारली ती कोणाला?" ती म्हणाली. "खांबाला?"

तिचा आवाज फाटला होता. हेडबाईचा आवाज फाटलेला या घरानं फारसा ऐकलेला नाही. धाकटा एकदम खाली बसला.

वहिनी उठून तिच्या बाकावर जाऊन बसली. मघापासून या दोघी दोन वेगळ्या बाकांवर होत्या.

"ताई, तुम्ही ज्याला मारलीत त्यालाच पोचली ती," ती म्हणाली. "भिंतीवर काय लिहिलंय ते बघून थोडंच ऐकतो तो."

"तू मानतेस?" हेडबाईनं नवलानं विचारलं. "मला वाटलं होतं, हिला हे सगळं तूच शिकवलंस."

"मी रोज देवाकडं मागते. ड्यूटीवर जाताना, कपडे बदलायच्या खोलीत. तुमच्या भावालासुद्धा माहीत नाही." पेंटरनं मान वर केली. त्याला खरंच माहीत नव्हतं. "पण माझ्या माहेरचा देव निराळा. आमच्या शाळेतली प्रार्थना दुसऱ्यांच्या देवाची होती. सगळी वर्षं मी नुसते ओठ हलवले, आवाज न काढता. बाई समोरून जायच्या तेव्हा जरा जास्त हलवायचे. मला शाबासकी मिळाली होती ताई, छान प्रार्थना म्हणते म्हणून. त्या दिवशी घरी येऊन मी देवाची माफी मागितली. काबाईएवढीच होते. माझी पोरगी निदान ओठ हलवत नाही. तेवढं मला पुरतं."

समोर रांगेत उभी राहणारी पोरं हेडबाईच्या डोळ्यांपुढून गेली. ओठ सगळ्यांचेच हलायचे. ते बघून तिला रोज बरं वाटायचं.

"बरं, आता दिवा झाला ना," वकील समजुतीच्या सुरात म्हणाला. "काबाई, दिवा तर आहे ना? दिव्याबद्दल तरी तुला शंका नाही? मग उद्या म्हणशील?"

काबाईनं विचार केला. ती विचार करते तेव्हा खालचा ओठ दातात धरते, आणि घाई केलेली तिला चालत नाही.

"दिवा म्हणेन बहुतेक," ती म्हणाली. "पण आत्या, उद्या मी दिवा म्हटलं आणि कोणाला देवाच म्हणायचं असलं, तर त्याला बाहेर उभं करणार?"

हा प्रश्न वकिलाला सुचला नव्हता. त्याचं त्याला वाईट वाटलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"शिवाय वेलांटीला अजूनही जागा नाही," पेंटर हळूच म्हणाला. "खांब आहे तिथंच आहे."

हेडबाई उठली. भिंतीपाशी जाऊन तिनं वर पाहिलं. खरवडलेल्या जागी निळ्या रंगाचे तुकडे, कोळशाचा अर्धा बाक, आणि पुढं शाबूत उभं असलेलं 'राहू दे हाती अमुच्या'.

"ऐक," ती पेंटरला म्हणाली, "हा शब्द पूर्ण काढ. मात्राही, कोळसाही."

"आणि तिथं काय लिहू?"

"काही नको. बाकीचं सगळं रंगव. तेवढी जागा कोरी सोड."

"कोरी?" पेंटरच्या जिवावर आलं. पाटी रंगवणाऱ्याला कोरी जागा म्हणजे राहिलेलं काम. "लोक म्हणतील पेंटर मध्येच पळून गेला."

"म्हणू देत. शाळा माझ्याकडं आहे. शाळेनं अक्षरं शिकवायची. हातात काय राहू दे हा शब्द शाळेनं द्यायचा नाही. ज्याचा त्यानं आणावा घरून, कंदील आणायचे तसा. नाही आणला तरी पोरगं हॉलमध्येच उभं राहील." मग आवाज बदलून ती काबाईला म्हणाली, "तुला बाहेर उभं केलं ते माझं चुकलं. उगाच केलं."

"पाय दुखले," काबाई म्हणाली.

"दुखणारच."

"मी पुसू?" काबाईनं भिंतीकडं बोट केलं. "शेवटच्या ओळीत लिहिलंच आहे की. पुसू दे."

"अगं, ते पुसणं म्हणजे विचारणं," हेडबाईतली बाई जागी झाली. "विचारपूस म्हणतो ना आपण."

"दोन्ही एकच का?"

आबांनी खुर्चीतूनच हात हलवला. "एकच, एकच. चढ तू वर. आणि बाकीच्यांनी शिडी धरा आता, उगाच जमलात का?"

मग धरली सगळ्यांनी. एका बाजूनं वकील आणि वहिनी, दुसऱ्या बाजूनं हेडबाई. काबाई वर चढून टर्पेंटाइनचं फडकं घासत राहिली आणि पेंटर खालून, डावीकडं अजून, मात्रा राहिली, असं सांगत राहिला. आबांना तेवढ्यात डुलकी लागली.

सोमवारी सकाळी साहेब कडेच्या खुर्चीत येऊन बसले. बारीक चणीचा, सर्दी झालेला माणूस होता. त्यांनी भिंतीकडं पाहिलं, कोऱ्या जागेपाशी डोळे अडकले, आणि त्यांनी हेडबाईला विचारलं, "काम अपुरं आहे का?"

"नाही," हेडबाई म्हणाली. "आता पूर्ण झालं."

ती माइकपाशी गेली. पोरांना तिनं मोजक्या शब्दांत सांगितलं. पहिला शब्द ज्याचा त्याचा. मनात असेल तो म्हणा, मनातल्या मनात म्हणा, नसेल तर म्हणू नका. हात जोडा, नका जोडू. बाहेर कोणी जायचं नाही. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. अशी सूट त्यांना मधल्या सुट्टीतसुद्धा मिळत नसे.

मग रोजच्यासारखं त्यांनी तिच्याकडं पाहिलं. पहिला शब्द तिनं म्हणायचा, ही सवय एका दिवसात कशी जाणार? हेडबाईचंही तोंड सवयीनं माइककडं गेलं. मग तिनं माइकचं बटण बंद केलं, एक पाऊल बाजूला झाली, आणि आपल्यापुरतं, हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

हॉलमध्ये कुजबुज उठली. कोणाचं देवा, कोणाचं दिवा, मागच्या रांगेतल्या कोणाचं तरी बॉल. काही जण गप्पच होते. आणि मग सगळे एकत्र आले, रोजच्यापेक्षा मोठ्यानं: राहू दे हाती अमुच्या.

काबाई पुढच्या रांगेत होती. हात खाली, तोंड मिटलेलं. दिवा म्हणेन म्हणाली होती, पण आयत्या वेळी तिचं लक्ष दुसरीकडंच गेलं. ती आत्याचे ओठ बघत होती.

वर्गात जाताना ती मुद्दाम मागं रेंगाळली.

"बाई, तुम्ही काय म्हणालात?"

"तुला काय करायचंय?" हेडबाई म्हणाली. "ते माझं आहे."

काबाईनं तिच्याकडं नीट बघितलं आणि मान डोलावली. "बरं," ती म्हणाली, आणि वर्गात गेली.